पुढच्या सीटवरचं वजन

नूरभाई गाडीखालून पाठीवर सरकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात स्प्रिंगचं तुटलेलं कडं होतं. ते त्याने माझ्या पायाशी टाकलं.

“पाखाडीवर गाडी घालायला कोणी सांगितलं होतं तुला?”

“अख्ख्या वाडीने.”

“आणि तू घातलीस.”

“न घालून सांगतो कुणाला? गाडी दारात आली नाही तर आजारी माणसाची किंमत ठेवली नाही, असं होतं त्यांच्यात. चढवली मग वरपर्यंत. वर गेल्यावर कळलं, विश्रामला दाराच्या फळीवर घालून लोक मागच्या वाटेने केव्हाच खाली घेऊन गेलेत.”

एरवी नूरभाई यावर पोट धरून हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची चढण. तिच्यावरून माणसं जातात, गुरं जातात, गाडी जात नाही. आमच्या खारवेळची ॲम्ब्युलन्स म्हणजे एक जुनी व्हॅन होती. मुंबईकर मंडळाने गावाला दिलेली, आणि तिच्यावर मंडळाचं नाव लाल क्रॉसपेक्षा मोठं. मी तिचा ड्रायव्हर. अंगाने काडी आणि तोंडाने फटकळ, असं गावात माझं वर्णन करत, आणि ते खोटं नव्हतं. मोबाईल तेव्हा आमच्याकडे आले नव्हते. गुहागरची सरकारी गाडी एका बाळंतिणीला घेऊन रत्नागिरीला गेली होती. म्हणजे माझी व्हॅन नाहीतर काहीच नाही.

गॅरेजसमोरच डॉक्टर ओगल्यांचा दवाखाना. तिथे विश्राम आरेकर बाकावर फळीसकट निजवलेला होता. सकाळी पोफळीवर चढला होता, सुपारीचे घड काढायला. या झाडावरून त्या झाडावर झोका घेत जाण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्या दिवशी शेंडा मोडला आणि तो खाली आला. डॉक्टरांनी त्याच्या मानेला पट्टा बांधला होता आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. मला बाहेर बोलावून ते म्हणाले, “मानेचा मणका मोडलाय. आतली नस अजून शाबूत आहे. पायाची बोटं हलतायत तोवर सगळं शिल्लक आहे. वाटेत एक दणका नीट बसला आणि हाड आत सरकलं, की मानेखालचा विश्राम संपला. कऱ्हाडला न्यायला हवं, आणि असा न्यायला हवा की पोटातलं पाणी हलणार नाही.”

“कुंभार्ली घाटातून?”

“दुसरा रस्ता माहीत असेल तर सांग.”

मला माहीत नव्हता. आणि आता तर माझ्या गाडीचं डावं पुढचं चाक आत बसलं होतं.

नूरभाई कामाला लागला होता. मोठ्या बढाया मारणारा माणूस, पण हात थांबत नसे. बोलणंही थांबत नसे. “ही नुसती स्प्रिंग नाही हां,” चाक काढता काढता तो मला सांगत होता, जसं काही मी पहिल्यांदाच गाडी बघतोय. “याला स्ट्रट म्हणतात. स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. खड्डा आला की दबते आणि मग उसळते. तिला तशीच उसळू दिली तर गाडी नाचतच राहील. म्हणून तिच्या पोटात हा तेलाचा दांडा. तो तिची उसळी जिरवतो. आणि चाक वळतं तेही याच्यावरच. सगळं या एका खांबावर आहे.”

“मला शिकवणी नको. बदल आणि दे.”

“बदलतो. पण काय घालतो ते ऐकून घे. तुझ्या गाडीची स्प्रिंग माझ्याकडे नाही. चिपळूणहून मागवली तर उद्या. माझ्याकडे एकच जोडी आहे, बंदरावरच्या मासळीवाल्याच्या व्हॅनसाठी केलेली. त्याची गाडी बर्फाने आणि मासळीने गच्च भरलेली असते, म्हणून स्प्रिंगा कडक. आमच्याकडे सगळे तेच मागतात.”

“चालेल ना?”

“चालेल. दोन्ही बाजूंना घालतो, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल.”

शिकंज्यात स्प्रिंग आवळून, जुनं काढून, नवं चढवून त्याने गाडी जमिनीवर टेकवली. मग दोन्ही हातांनी डावा कोपरा दाबला. गाडी हलली नाही. मी बसून तिठ्यापर्यंत चक्कर मारली. रस्त्यावर एक साधी गटाराची मोरी आहे, तिच्यावरून गेलो तर दात वाजले. परत येऊन मी म्हटलं, “नूरभाई, ही गाडी आहे की जातं?”

त्याने पुन्हा डावा कोपरा दाबून पाहिला.

“रिकामी आहे म्हणून,” म्हणाला. “ही स्प्रिंग वजनाची भुकेली आहे. वजन असेल तर दबेल, आणि दबेल तेव्हाच दणका खाईल. वजन नसेल तर खड्डा सरळ वर पाठवून देईल.”

“मग टाक की वाळूची पोती.”

“मागे टाकतो. स्ट्रेचरच्या खाली घट्ट बसतील. पण पुढे? तुझ्या व्हॅनला पुढचं चाक सीटच्या बरोबर खाली. उजव्या चाकावर तू बसणार, तुझं काय वजन, असून नसून सारखंच. डाव्या सीटच्या मागे लगेच विश्रामचं डोकं येणार. डावं चाक आदळलं की थेट मानेत.”

“सीटवर पोतं बांधू.”

“घाटात पहिल्या वळणाला तुझ्या स्टिअरिंगवर येईल. कितीही बांध, वाळू सरकते. माणूस पाहिजे. दांडी धरून बसणारा. आणि चांगला जाडा.”

हे म्हणताना त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं.

पलीकडे पिंपळाच्या पारापाशी सुदाम आरेकर उभा होता. विश्रामचा चुलत भाऊ. नाव सुदाम, पण देह असा की एसटीत दोघांची जागा लागायची. विश्राम पडल्याचा आवाज पहिला त्यानेच ऐकला होता, कारण दोघांच्या बागा एकमेकींना लागून. मधे गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण. त्या गडग्यावरून आणि विहिरीच्या पाण्यावरून दोघांचा कोर्टात खटला चालू होता. लहानपणी एका ताटात जेवलेले, आणि आता इतकी वर्षं बोलणं नाही, बघणं नाही. एक घरातून निघाला की दुसरा आत जायचा. सुदाम सकाळपासून तिथे उभा होता. कोणाला काही विचारत नव्हता, आणि जातही नव्हता.

मी गेलो आणि सरळ सांगितलं काय हवंय ते.

“मी?” सुदाम म्हणाला. “डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तो मला बघेल तर त्याच फळीवरून उठेल मारायला.”

“उठला तर मरेलच.”

“म्हणूनच सांगतोय. दुसरा कोणी बघ.”

“तुझ्याएवढा दुसरा कोण आहे गावात? नाव सांग, त्याला आणतो.”

त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि दवाखान्याकडे बघत राहिला. “वहिनी बसू देणार नाही,” म्हणाला.

सुमित्रावहिनी, विश्रामची बायको, खरंच बसू देणार नव्हती. “त्या माणसाने आम्हाला पाण्याला महाग केलान, आणि तो आमच्या गाडीत?” ती दवाखान्याबाहेर डॉक्टरांना म्हणाली. डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त तिला आत नेलं, विश्रामच्या पायावरची चादर बाजूला केली आणि म्हणाले, “विश्राम, बोटं हलव.” बोटं हलली. वहिनी त्या बोटांकडे बघत उभी राहिली. मग मला दाराबाहेर घेऊन गेली.

“बसा म्हणावं. पण तोंड उघडायचं नाही. खोकायचंसुद्धा नाही. ह्यांना कळलं तर हे मान वळवून बघतील, आणि मग संपलं सगळं. त्यांना सांग, एक शब्द जरी निघाला तर मी सोडणार नाही.”

मी निरोप दिला. सुदाम “बरं” म्हणाला.

आधी विश्रामला आत घेतलं. डोकं पुढे, नजर छताकडे. इकडेतिकडे बघायचं म्हटलं तरी त्याला बघता येत नव्हतं. वहिनी पायाशी बसली. मग सुदाम चपला हातात घेऊन आला आणि डाव्या सीटवर बसला. गाडी डावीकडे चांगली चार बोटं खाली गेली. नूरभाईने कोपरा दाबून पाहिला आणि मला अंगठा दाखवला.

“कोण चढलं?” विश्रामने विचारलं.

“क्लीनर,” मी म्हटलं.

“तुझ्याकडे क्लीनर कधीपासून?”

“नूरभाईचा माणूस आहे. वाटेत काही बिघडलं तर हाताशी असावा.”

“असू दे,” विश्राम म्हणाला, आणि आम्ही निघालो.

मोरी आली. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. दणका नाही. सुदामने माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. त्याने दोन्ही हातांनी पुढची दांडी धरली होती आणि पाय आत दाबून ठेवले होते, जसं काही गाडी तोच चालवत होता.

चिपळूणपर्यंत विश्राम गप्प होता. वहिनी मधूनमधून म्हणायची, “बोटं हलवा,” आणि मग, “हलली.” प्रत्येक वेळी सुदामचे खांदे थोडे उतरायचे. चिपळूण मागे पडलं आणि विश्रामला कंठ फुटला.

“सुमित्रा, मी जर गेलो ना, तर त्या सुदामला खांद्याला हात लावू देऊ नको.”

“असं काय बोलता गो बाई,” वहिनी म्हणाली. घाबरून तिने पुढे बघितलं.

“बोलतो ते ऐक. गडगा सरकवलान तो माझ्या बापाच्या बागेत. रातोरात दगड हलवलान. आणि कोर्टात सांगतो, गडगा असाच होता म्हणून. गडग्याला काय पाय आहेत?”

सुदामने तोंड उघडलं. मी डावा हात त्याच्या मांडीवर ठेवून दाबला. त्याने मिटलं.

“विहिरीचं पाणी दिवसाआड घ्यायचं ठरलं होतं. ह्याने पंप लावलान, आणि माझी पाळी यायची तेव्हा विहिरीत बेडकं नाचायची.”

हे खोटं होतं. पंप दोघांचेही होते, गावाला माहीत होतं. सुदामची मान लाल झाली. घाम निथळत होता. पंच्याचं टोक त्याने दातात धरलं होतं. मला समोर येणारा घाट दिसत होता, शेजारी हा. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि त्यातच हसूही येत होतं. त्याची मला लाजही वाटली. खटला पुढेही कित्येक वर्षं चालला. त्याचा निकाल काय लागला ते मी सांगत नाही, त्याचा इथे संबंध नाही.

घाट सुरू झाला. त्या वर्षी कुंभार्लीचा रस्ता म्हणजे खड्ड्यांतून वाट काढायची, अशी अवस्था होती. मी पहिल्या गिअरवर होतो. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. विश्राम थांबायला तयार नव्हता.

“पोफळीवर चढायला मीच शिकवलं त्याला. पायाला दोरी कशी घालायची, झोका कसा घ्यायचा. आता बघ. आता चढला तर पोफळच खाली बसेल.”

वहिनीला हसू आलं असावं. तिने खोकून दाबलं. सुदाम समोर बघत राहिला.

“आई गेली तेव्हा आला नाही,” विश्राम म्हणाला. आवाज जरा उतरला होता. “आईने त्याला स्वतःच्या हाताने भरवलं होतं. ती गेली तेव्हा हा गडग्यापलीकडे उभा होता. मी बघितलं होतं. मी बोलावलं नाही आणि तो आला नाही.”

पुढे सुदामने पंचा तोंडातून काढला आणि डोळ्यांवर दाबून धरला. मी रस्त्याकडे बघत होतो, त्यामुळे पुढचा खड्डा मला दिसला. पण टाळता येण्यासारखा नव्हता. एका बाजूला दरी, समोरून ट्रक. डावं चाक आत गेलं.

सुदामने अंग सोडून दिलं नाही, उलट पाय रोवून सगळं वजन खाली टाकलं. गाडी खाली बसली, आणखी बसली, मग हळू वर आली. आवाज झाला, पण दणका बसला असं मला वाटलं नाही. माझं वाटणं काय कामाचं होतं?

“बोटं हलवा,” वहिनी म्हणाली.

काही नाही.

“अहो, बोटं हलवा ना.”

मी गाडी थांबवली. मागचे ट्रक ओरडायला लागले. सुदाम अर्धा वळला होता. तोंड उघडं होतं, आणि मला वाटलं आता हा हाक मारणार. मी त्याचा दंड धरला.

“अहो,” वहिनीचा आवाज फुटला.

“हलवतोय की गो,” विश्राम म्हणाला. “चादर वर कर आधी. मघाशी तूच पांघरलीस.”

वहिनीने चादर वर केली. “हलली,” म्हणाली, आणि चादर तशीच वर धरून बसली. मी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली.

घाट संपल्यावर एका टपरीवर थांबलो. इंजिन तापलं होतं, मलाही चहा हवा होता. मी उतरलो. वहिनी पाय मोकळे करायला उतरली. सुदाम उतरला नाही. मी खुणेने विचारलं, लघवीला वगैरे? त्याने नाही म्हटलं. तो उतरला तर डावी बाजू वर येणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी सांगितलं होतं तेवढं आणि त्याहून जास्त.

“वसंता,” आतून विश्रामने मला हाक मारली. “तुझ्या क्लीनरलाही चहा दे. सकाळपासून काही खाल्लेलं नसेल त्याने.”

मी चहा नेऊन दिला. सुदामने तो घेतला, पण बराच वेळ प्यायला नाही.

पाटणपासून पुढे रस्ता बरा होता. विश्रामने पुन्हा तोंड सोडलं. गडगा, पंप, एका आंब्याच्या फांद्या, कोणा साक्षीदाराला सुदामने फितवलेलं. काही मी कोर्टाच्या गप्पांत ऐकलेलं होतं, काही नवीन होतं. आता सुदामला राग येईनासा झाला होता. तो ऐकत होता. एकदा विश्रामने एका फणसाचा हिशेब चुकीचा सांगितला तेव्हा त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि पुन्हा समोर बघायला लागला.

कऱ्हाडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय आले, एक तरुण डॉक्टर आला. त्यांनी मागचं दार उघडलं. वहिनी उतरली, मी उतरलो. सुदाम तसाच बसून होता, दांडी धरून, समोर बघत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण स्ट्रेचर गाडीतून पुरतं बाहेर निघेपर्यंत तो हलला नाही. निघाल्यावरही हलला नाही.

डॉक्टरने स्ट्रेचर पोर्चमध्ये घेतलं आणि विश्रामच्या तळव्यावरून कसली तरी किल्ली फिरवली. “बोटं हलवा. आता दुसऱ्या पायाची. आता हाताची मूठ करा.” प्रत्येक वेळी तो “छान” म्हणत होता. वहिनी खांबाला टेकून उभी होती आणि हात जोडत होती. कोणाला ते तिलाही माहीत नसावं.

“वसंता,” विश्रामने हाक मारली.

मी त्याच्या तोंडाशी वाकलो. त्याला अजूनही फक्त छतच दिसत होतं.

“पुढे बसलाय ना, त्याला सांग, आता उतर म्हणावं.”

मी वळून गाडीकडे पाहिलं.

“चढला तेव्हाच कळलं. गाडी एवढी खाली बसवणारा गावात दुसरा कोण आहे? ओळखलं म्हटलं असतं तर उतरला असता, शहाणा आहे तो. मग गाडी उसळली असती. नूरभाईचं बोलणं दवाखान्यात सगळं ऐकू येत होतं.” जरा थांबून म्हणाला, “आणि एवढं मधे न बोलता त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं.”

त्याला आत घेऊन गेले. मी गाडीकडे परत आलो आणि डाव्या खिडकीशी उभा राहिलो.

“उतर,” मी म्हटलं. “त्याने सांगितलंय.”

सुदामने माझ्याकडे बघितलं. दांडीवरचे हात सुटले नव्हते.

“त्याने?”

“हो.”

“बोटं?”

“हलतायत. दोन्ही पायांची.”

“तू बघितलीस?”

“माझ्या डोळ्यांनी बघितली.”

मग तो उतरला, आणि गाडीच्या दाराला धरून तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर रडायला लागला. मी त्याच्या चपला सीटखालून काढून त्याच्या पायाशी ठेवल्या आणि गाडी बाजूला लावायला गेलो.